दार की दोर?

कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे समुद्रालगत एक छोटीशी पुळण आहे. १९३१ मध्ये तिच्याभोवती काँक्रीटची वळणदार भिंत बांधली गेली. खर्च उचलला एलन ब्राउनिंग स्क्रिप्स या दानशूर बाईंनी. लाटांचा मार न बसता लहान मुलांना पोहता यावं, एवढाच हेतू. पुढची साठेक वर्षं मुलं तिथे पोहली. मग १९९० च्या दशकात सील त्या वाळूवर येऊन पहुडू लागले आणि काही काळाने तिथेच व्यायलाही लागले. त्यानंतर सुरू झालेलं भांडण न्यायालयांत, नगरपालिकेत आणि खुद्द किनाऱ्यावरच्या आरडाओरड्यात वर्षानुवर्षं चाललं. एक बाजू म्हणे, भिंत मुलांसाठी बांधली, कागदोपत्री तसं लिहिलेलं आहे, सीलांनी दुसरी जागा बघावी. दुसरी म्हणे, समुद्र सीलांचा आहे, माणसांनी चालतं व्हावं. २००९ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून त्या जागेच्या मान्य उपयोगांत सागरी सस्तन प्राण्यांचं उद्यानही घातलं, तरी कुणी शांत झालं नाही. अखेर जो तोडगा निघाला तो कुणाच्याच घोषणेत नव्हता. १५ डिसेंबर ते १५ मे, म्हणजे पिल्लांच्या हंगामात, पुळण बंद. उरलेले सात महिने खुली.

संरक्षित खडकाळ किनाऱ्यांवर लोकांना जाऊ द्यावं की नाही, हा वाद जिथे पेटतो तिथे तो ला होयाच्या त्या सुरुवातीच्या वर्षांसारखाच चालतो. दोन्ही बाजू हक्कांवर बोलतात. निसर्ग सर्वांचा, त्याला कुलूप कसलं, असं एक गट विचारतो. माणसाचं पाऊल पडलं की निसर्ग संपला, असं दुसरा ठासून सांगतो. दोघांचंही लक्ष दारावर खिळलेलं असतं: उघडायचं की लावायचं. माझ्या मते दार ही इथली दुय्यम गोष्ट आहे. अशा किनाऱ्यावर खरा कस लागतो तो दोराचा. तो कोणत्या खडकाभोवती बांधला, कोणत्या महिन्यात बांधला, ओहोटीच्या कोणत्या तासाला सोडला, यावर तिथलं जगणं-मरणं ठरतं. तेव्हा भूमिका आधीच सांगून टाकतो. हे किनारे लोकांसाठी उघडे राहिले पाहिजेत, आणि त्यांचा बराचसा भाग लोकांच्या पायांपासून लांब राहिला पाहिजे. या वाक्यात कुणाला विसंगती दिसत असेल, तर ती खडकाकडे लांबून पाहिल्यामुळे दिसते.

म्हणून जरा जवळून पाहू. खडकाळ किनारा ही एक जागा नव्हेच, ती एकाखाली एक अशा वस्त्यांची उतरंड आहे. सगळ्यांत वर, जिथे लाटांचे फक्त तुषार पोहोचतात, तिथे काळपट दगडफूल आणि दाण्याएवढ्या गोगलगायी. त्याखाली बार्नकलांचा पांढुरका, खरखरीत पट्टा. भरती उतरली की हे प्राणी कवचाची झाकणं लावून घेतात आणि पाणी परत येईपर्यंत ऊन सोसत बसतात. आणखी खाली काळ्या शिंपल्यांचे थर, मग शैवालाच्या जाड झिपऱ्या, आणि तळाशी, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीलाच उघड्या पडणाऱ्या भागात, तारामासे, समुद्रफुलं आणि स्पंज. हे सगळं काही मीटरांच्या उंचीत. लिंपेट नावाचा टोपीसारख्या कवचाचा एक प्राणी इथे राहतो. त्याच्या अनेक जातींमध्ये प्रत्येक जीवाची खडकावर स्वतःची ठरलेली जागा असते. कवचाची कड त्या जागेच्या खाचाखोचांबरहुकूम वाढते, म्हणून ते तिथे घट्ट बसतं आणि ओहोटीत आतला ओलावा टिकतो. पाण्याखाली गेल्यावर तो शैवाल खरवडायला निघतो आणि पाणी उतरायच्या आत घरी परततो. त्याला उपटून, नीट पाहून, हातभर अंतरावर हळूच परत ठेवणाऱ्या पाहुण्याला वाटतं, आपण काहीच बिघडवलं नाही. प्रत्यक्षात ते कवच नव्या जागी बसतच नाही.

आता पावलांचं बघा. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या किनाऱ्यावर दोघी संशोधिकांनी मुद्दाम खडक तुडवून पाहिला. महिन्यातून एक दिवस, आखलेल्या प्रत्येक तुकड्यावर २५० पावलं, असं वर्षभर. (सहलीची एक बस रिकामी झाली की एवढी पावलं चहा थंड व्हायच्या आत पडतात.) न तुडवलेल्या जागी शैवालाचं आच्छादन ८० टक्के राहिलं, तुडवलेल्या जागी ते ३५ टक्क्यांवर आलं. बार्नकलं चिरडली गेली. इथवरची हकीगत बंदीवाल्यांना हवी तशीच आहे. पण प्रयोग इथे संपला नव्हता. तुडवणं थांबवल्यावर वर्षभरात शैवाल आणि बार्नकलांची वस्ती बरीचशी सावरली. खुडल्यावर जमिनीलगत दाट होणाऱ्या गवतासारखं जे खुरटं शैवाल असतं, त्याचं प्रमाण तर तुडवल्यावर उलट वाढलं होतं. शिंपल्यांची तऱ्हा मात्र वेगळी निघाली. ज्या ठिकाणी त्यांचा एकच थर होता, तिथले शिंपले पावलांनी सुटले आणि पुढची दोन वर्षं पाऊल न पडताही परतले नाहीत. उलट पडलेली भगदाडं लाटांनी आणखी रुंदावत गेली. दुसऱ्या ठिकाणी शिंपल्यांचे दोन थर होते, तिथे तुडवण्याच्या काळात ते टिकून राहिले. तेच पाय, तेवढीच पावलं, आणि तीन वेगळे निकाल. मग या किनाऱ्यावर रोज किती माणसं सोडावीत, या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? हजार माणसं एका खडकावर चालतील आणि दहा माणसं पलीकडच्या खडकाची दोन वर्षांची वाट लावतील.

बंदी मागणाऱ्यांचा सगळ्यांत जड पुरावा इतिहासातला आहे, आणि तो मी हलका करून सांगणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने लोकांना समुद्रकाठच्या खडकांतल्या डबक्यांचं वेड लावलं. तो धार्मिक होता, प्रेमाने लिहिणारा होता, चित्रं सुरेख काढायचा, आणि घरात काचेच्या पेटीत समुद्र पाळण्याची कल्पना लोकप्रिय करण्यात त्याचा मोठा वाटा होता. रेल्वे नुकतीच किनाऱ्यांपर्यंत पोहोचली होती. सुशिक्षित कुटुंबं छिन्नी-हातोडी आणि बरण्या घेऊन डेव्हनच्या खडकांवर उतरली आणि समुद्रफुलं खरवडून घरी नेऊ लागली. गॉसचा मुलगा एडमंड याने पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत लिहिलं की, लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली ती डबकी संग्राहकांच्या झुंडींनी उजाड करून टाकली, आणि आपल्या हातून काय घडलं हे कळल्यावर वडिलांना त्याचं अपार दुःख झालं. म्हणजे निसर्गाची ओढ लावणाऱ्यानेच निसर्ग लुटायची वाट दाखवली. ‘लोकांना दाखवा, त्यांना प्रेम वाटेल, मग ते जपतील’ हे जे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो, त्याला यापेक्षा सणसणीत उत्तर नसेल.

मला हा युक्तिवाद मान्य आहे, पण अर्धा. गॉसच्या वाचकांनी किनारा पाहिला म्हणून तो उजाड झाला नाही. त्यांनी तो घरी नेला म्हणून झाला. त्या काळी निसर्गाची आवड आणि निसर्गाचा संग्रह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच कुणाच्या मनात नव्हतं, आणि कुणी तसा नियमही केला नव्हता. त्याच देशातली, त्याच रेल्वेने घडवलेली दुसरी गोष्ट शेजारी ठेवून पाहा. यॉर्कशायरच्या फ्लॅम्बरो आणि बेम्प्टनच्या कड्यांवर समुद्रपक्ष्यांच्या प्रचंड वसाहती आहेत. तिथेही सहलीच्या गाड्या आणि बोटी येत. हौशी बंदूकधारी बोटीतून, अंड्यांवर बसलेले पक्षी नेम धरून पाडत, बरेचदा उचलायचे कष्टही न घेता. त्यातून १८६९ चा समुद्रपक्षी संरक्षण कायदा आला, ब्रिटनमध्ये जंगली पक्ष्यांना वाचवणारा तो पहिला आधुनिक कायदा. त्याने कडे बंद केले नाहीत, विणीच्या काळात मारण्याला बंदी घातली. आज बेम्प्टनला लोक जातातच, दुर्बिणी घेऊन, कड्याच्या काठावरच्या कठड्यामागून. माणसं तीच, कडा तोच, ओढही तीच. मधे आलं ते एक वेळापत्रक आणि एक कठडा. प्रेमावर विसंबायचं नाही, एवढा धडा गॉसकडून जरूर घ्यावा. पण प्रेमाच्या जोडीला नियम आला की काय होतं, हेही सांगायला नको का?

काही जागा पूर्ण बंदच हव्यात, हेही मी मान्य करतो, आणि ओढूनताणून नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिमेला समुद्रात फॅरलॉन बेटं आहेत. सोन्याच्या शोधात आलेल्या गर्दीने शहर फुगलं तेव्हा कोंबडीची अंडी मिळेनात, म्हणून या बेटांवरून म्यूर पक्ष्यांची अंडी लाखांनी गोळा होऊ लागली. त्यावरून १८६३ मध्ये दोन टोळ्यांत गोळीबार होऊन माणसंही मेली. पक्ष्यांच्या लाखांच्या वसाहती काही दशकांत हजारांवर आल्या. १९०९ मध्ये बेटांच्या काही भागाला संरक्षण मिळालं आणि आज सामान्य माणसाला तिथे पाय ठेवता येत नाही. ते योग्यच आहे. म्यूर घरटं बांधत नाही, कड्याच्या उघड्या पट्टीवर एकच अंडं घालून त्यावर बसतो. माणूस जवळ आला, पक्षी एकदम उडाले, की अंडी गडगडतात, आणि जवळ टपलेले कुरव उरलेली उचलतात. तिथे पाहुण्याने कितीही सभ्यपणा दाखवला तरी त्याचं नुसतं असणंच महागात पडतं. अशा ठिकाणी दोर पुरत नाही, समुद्रच मधे हवा. बोटीतून, ठरलेल्या अंतरावरून लोक बेटं पाहतात आणि तेवढं पुरे आहे.

मात्र बंदीची बाजू याच जोरावर ज्या एका उदाहरणाकडे वळते, तिथे मी थांबतो. चिलीमध्ये लास क्रूसेस इथे विद्यापीठाच्या सागरी केंद्राने १९८२ च्या अखेरीस किनाऱ्याचा एक तुकडा माणसांसाठी बंद केला. काही वर्षांत त्या तुकड्याचं रूपच पालटलं. बाहेर काळ्या शिंपल्यांचे थर होते, आत ते विरळ होऊन बार्नकलं पसरली. कारण आत ‘लोको’ नावाची शिकारी गोगलगाय परतली होती आणि ती शिंपले फस्त करत होती. हे उदाहरण ‘माणूस वगळा, निसर्ग परततो’ या मथळ्याखाली सांगितलं जातं. पण तिथून वगळला गेलेला माणूस कोण होता? लोको खाण्यासाठी आणि विकण्यासाठी गोळा करणारा. खडकावरच्या अन्नसाखळीतला सर्वांत वरचा शिकारी. त्याला हटवल्यावर साखळी बदलली, हे शास्त्राला शोभेलसं निरीक्षण आहे. ते काठावर उभं राहून पाहणाऱ्याला लागू करणं म्हणजे कोयता घेऊन आलेल्याची शिक्षा छत्री घेऊन आलेल्याला देणं. गोळा करणं, तुडवणं, दचकवणं आणि पाहणं या चार निराळ्या क्रिया आहेत. सगळ्यांना ‘मानवी हस्तक्षेप’ हा एकच शिक्का मारला की विचार करायची गरज उरत नाही, म्हणून तो शिक्का इतका लोकप्रिय असावा.

गंमत अशी की, बंदीच्या बाजूने जे शास्त्र आज मांडलं जातं, त्यातला मोठा भाग खडकांवर मनसोक्त चाललेल्या माणसांनीच मिळवलेला आहे. रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने १९६३ पासून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर एका पट्ट्यातले तारामासे पहारीने उचकटून समुद्रात भिरकावले, आणि त्या पट्ट्यातल्या प्राण्यांच्या जाती १५ वरून ८ वर आल्या. एका शिकाऱ्यावर सगळी वस्ती कशी तोललेली असते हे जगाला तिथून कळलं. कुणी म्हणेल, शास्त्रज्ञांना परवाने द्या, लोकांना कशाला? पण किनारा हजारो किलोमीटर पसरलेला आहे, शास्त्रज्ञ मूठभर. २०१३ पासून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तारामाशांचे हात गळून पडू लागले, ते विरघळल्यासारखे मरू लागले, तेव्हा कोणत्या खाडीत ते उरलेत आणि कोणत्या नाही याच्या नोंदींत सामान्य फिरस्त्यांचा आणि पाणबुड्यांचा हात होता. ज्याने तारामासा कधी पाहिलाच नाही, तो नाहीसा झाल्याचं त्याला कळणार कसं?

या टप्प्यावर तिसरा आक्षेप येतो, आणि तो सहसा खुलेपणाची बाजू घेणाऱ्यांचा असतो. पावलांचं काय घेऊन बसलात, असं ते विचारतात. जून २०२१ च्या अखेरीस कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर उष्णतेची लाट आली, ओहोटीत उघडे पडलेले शिंपले आणि बार्नकलं कवचातच शिजली. तिथल्या एका सागरी जीवशास्त्रज्ञाच्या अंदाजानुसार एक अब्जाहून अधिक सागरी प्राणी त्या काही दिवसांत मेले. याच्यापुढे माझ्या बुटांची किंमत ती काय? आक्षेप खरा आहे आणि तरी चुकीचा आहे. आजाऱ्याला मोठा रोग जडलाय म्हणून त्याच्या छातीवर बसायला परवानगी मिळत नाही. उलट, ज्या वस्तीला उन्हाचे असे तडाखे बसणार आहेत तिची भरून निघायची ताकद शिल्लक ठेवणं हेच आपल्या हाती उरतं.

इथे एक जुनी घटना आठवते. मार्च १९६७ मध्ये ‘टोरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलजवळ खडकांवर आपटलं आणि लाखभर टनांहून अधिक कच्च्या तेलाचा माल बाळगणारं ते जहाज फुटलं. किनारे साफ करण्यासाठी हजारो टन डिटर्जंट खडकांवर ओतलं गेलं. तेलाने जेवढं मारलं त्याहून जास्त या साबणाने मारलं. लिंपेट मेल्यावर चरणारंच कुणी उरलं नाही, खडक हिरव्या-तपकिरी शैवालाने झाकून गेले, आणि घडी परत बसायला दहा वर्षांहून जास्त काळ गेला. गॉड्रेव्ही नावाच्या एका ठिकाणी मात्र सीलांच्या काळजीपोटी डिटर्जंट वापरलं नाही. तेल तिथेही आलं होतं. तो किनारा दोन-तीन वर्षांत सावरला. मोठ्या संकटाच्या काळात आपण छोट्या गोष्टीत काय करतो, याने फरक पडतो की नाही? आणि तो फरक कुठे पडला? जिथे एका हंगामापुरता, एका प्राण्याचा विचार करून कुणीतरी हात आखडता घेतला, तिथे.

आता खुल्या दाराच्या कैवाऱ्यांकडे वळतो, कारण त्यांना आतापर्यंत फार सोपं गेलं आहे. ‘आम्ही फक्त बघतो’ हे त्यांचं आवडतं वाक्य. बघणंही फुकट नसतं. समुद्री पाणमांजराच्या अंगावर चरबीचा थर नाही. थंड पाण्यात ऊब राखण्यासाठी त्याला रोज स्वतःच्या वजनाच्या पावपटीएवढं अन्न लागतं. केल्प या लांबलचक समुद्री शैवालाच्या पानांत स्वतःला गुंडाळून ते झोपलेलं असतं तेव्हा ते आळस करत नसतं, उधारी फेडत असतं. होडी फार जवळ नेली, ते दचकून बुडालं, की त्या एका छायाचित्राचं बिल त्याच्या जेवणातून वसूल होतं. सीलची मादी पिल्लाला वाळूवर ठेवून मासे धरायला जाते. एकटं पिल्लू पाहून कनवाळू माणसं त्याला ‘वाचवायला’ जातात, भोवती कोंडाळं करतात, आणि परतलेली आई लाटांमधूनच ते कोंडाळं पाहत राहते. वाईट हेतू कुणाचाच नसतो. माझाही नव्हता, जेव्हा अशाच एका किनाऱ्यावर मी एक सपाट दगड उलटा करून त्याखालचं रंगीत जग पाहिलं, हरखलो, सोबतच्यांना हाका मारल्या, आणि दगड तसाच उताणा टाकून पुढे गेलो. दगडाच्या खालच्या बाजूला चिकटलेलं सगळं अंधार आणि ओल यांवर जगतं. वरची बाजू खाली गेल्यावर तिथलं शैवाल उजेडावाचून मरतं. एका हरखण्यात दोन्ही मजले गेले. हे मला फार नंतर कळलं. मला नियम माहीत असता तर मी तो पाळला असता का? बहुधा हो. पण ‘निसर्गावर प्रेम करा’ अशी पाटी त्या वाटेवर होती आणि ‘उलटलेला दगड परत पालथा घाला’ अशी नव्हती.

यावर उपाय म्हणून लोकशिक्षणाचं नाव घेतलं की मला जांभई येते, पण शिक्षणाचा एक प्रकार मी मानतो. हवाईमधल्या हनौमा खाडीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस गर्दीने कहर केला होता, दिवसाला हजारोंनी माणसं प्रवाळांवर उभी राहत. १९६७ पासून संरक्षित असूनही ही अवस्था, म्हणजे नुसतं दार आणि त्यावरची पाटी काय कामाची ते दिसलंच. पुढे माणसं कमी केली गेली, आठवड्यात सुट्टी ठेवली गेली, आणि २००२ पासून खाली उतरण्याआधी प्रत्येकाला छोटी चित्रफीत पाहणं सक्तीचं झालं. त्यात प्रेमाचं प्रवचन नाही, पाय कुठे टेकवायचा आणि कुठे नाही हे सांगितलेलं असतं. शिक्षण इतकं खालच्या पातळीवर, थेट तळपायापर्यंत उतरलं तरच त्याचा उपयोग.

दोराचं काम मला सर्वांत समंजस वाटतं ते पॉइंट लोबोस इथे. कॅलिफोर्नियातल्या कार्मेल गावाच्या दक्षिणेला असलेल्या या भूशिराचं नाव स्पॅनिश दर्यावर्दींनी समुद्रसिंहांच्या भुंकण्यावरून पाडलं. लोबो मारिनो, समुद्री लांडगा. आज तिथे येणाऱ्याला वाटतं, हे असंच अनादी काळापासून असणार. तसं काहीही नाही. इथे चिनी मच्छीमारांची वस्ती होती, देवमासे कापून तेल काढलं जात होतं, दगड खणला जात होता, जपानी पाणबुडे ॲबलोनी नावाच्या मोठ्या समुद्री गोगलगायी काढत आणि त्या डबाबंद होऊन विकल्या जात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तर इथे घरांसाठी प्लॉट पाडून विकायला सुरुवात झाली होती. १८९८ मध्ये ही जमीन घेणाऱ्या ॲलन कुटुंबाने विकलेले प्लॉट एकेक करून परत विकत घेतले. १९३३ मध्ये भूशीर राज्याच्या ताब्यात आलं, आणि १९६० मध्ये लगतचं पाणीही राखीव झालं; अमेरिकेतलं असं ते पहिलं. जे कुणी म्हणतं की माणूस गेल्याशिवाय निसर्ग टिकत नाही, त्याला ही जागा माणसांनीच, हट्टाने, पैसे मोजून परत उभी केली हे सांगावंसं वाटतं. आत गेल्यावर वाटेच्या दोन्ही कडांना गुडघ्याएवढ्या उंचीची तार धावते. ती कुणालाही अडवू शकत नाही, लहान मूलही ओलांडेल. पण ती सतत सांगत राहते की इथवर. कुत्री आणायची नाहीत, शिंपलासुद्धा उचलायचा नाही, पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्यांची संख्या ठरलेली, आणि सीलांची पिल्लं असताना काही कोपरे बंद. तरीही पाणमांजर, पाणकावळे, सील हे सगळं उभ्या उभ्या दिसतं. कारण प्राण्यांनाही ती तार समजते. माणसं रोज त्याच रेषेवर थांबतात हे त्यांच्या अंगवळणी पडतं. माणूस कधी इथून तर कधी तिथून उगवत राहिला की ते बुजतात.

दोराविरुद्ध एक आक्षेप मला अजून पुरता खोडता आलेला नाही. दोर माणसांना विखरू देत नाही, म्हणजे जो थोडा खडक मोकळा ठेवला त्याचा पार भुगा होतो. विखुरलेली हलकी पावलं बरी की एकाच जागी साचलेली जड? ओरेगॉनच्या निकालांवरून माझा कल साचलेल्या पावलांकडे आहे. शिंपल्यांच्या एकेरी थरासारख्या वस्त्यांना थोडं तुडवणंही सोसत नाही, त्यामुळे हलका मार सगळीकडे वाटणं हा न्याय वाटला तरी नुकसान जास्त होतं. त्यापेक्षा मजबूत खडक निवडावा, वरच्या पट्ट्यातला, लवकर सावरणारा, आणि तो लोकांना देऊन टाकावा. मुलांना तिथे वाकून डबक्यात बोटं बुडवू द्यावीत. पण मग हे लपवू नये. ‘हा खडक आम्ही तुमच्यासाठी सोडला आहे, पलीकडचा तसा का नाही ते बघा’ अशी पाटी तिथे असावी. शेजारी तुडवलेला आणि न तुडवलेला असे दोन खडक दिसले, तर तासाभराच्या व्याख्यानाचं काम दोन मिनिटांत होतं. काही संरक्षकांना हा बळी देणंच पटत नाही, सगळंच राखायचं असं ते म्हणतात. अशा ठिकाणी शेवटी सगळंच थोडं थोडं झिजतं आणि कुणालाच ते कळत नाही.

राहिला संख्येचा प्रश्न. आधी नोंदणी, रोजचा ठरलेला आकडा, हे उपाय हल्ली सगळीकडे येत आहेत आणि मी त्यांच्या विरोधात नाही. मात्र त्यात दोन खोट आहेत. पहिली उघड आहे: महिनाभर आधी बेत आखू शकणारा, फोनवर तारीख पकडण्यात चपळ असणाराच आत जातो. सुट्टी ऐनवेळी मिळणारा कामगार बाहेर राहतो. थोड्या जागा आयत्या वेळच्या लोकांसाठी ठेवल्या तर हे निभावतं. दुसरी खोट जास्त खोल आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलताना मला तरी दिसत नाही. रोजचा आकडा हा घड्याळाचा आणि कॅलेंडरचा हिशोब आहे. खडक चंद्राच्या हिशोबाने उघडतो. सर्वांत नाजूक पट्टा पंधरवड्यातले मोजके दिवस, दिवसातले मोजके तास बाहेर येतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फारसं उतरतच नाही. त्या दिवशी पाच हजार माणसं आली तरी तारामाशाला पत्ता लागणार नाही. आणि रविवारी दुपारी मोठी ओहोटी आली तर पाचशे माणसंही त्या दोन तासांत एकाच पट्ट्यावर उतरतात. वर्षाच्या सरासरीत हे दोन दिवस सारखेच मोजले जातात.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यातल्या मोठ्या ओहोट्या पहाटे येतात आणि हिवाळ्यातल्या दुपारी. म्हणजे उन्हाळ्याच्या गर्दीत खडक बहुतेक वेळा आपोआप वाचतो, कारण फाटक उघडेपर्यंत पाणी परत चढू लागलेलं असतं. आणि हिवाळ्यात, पाहुणे कमी म्हणून पहारा सैल असताना, तो नेमका सुट्टीच्या दुपारी उघडा पडतो. कड्यावरच्या वाटा दिवसभर मोकळ्या ठेवाव्यात, कितीही माणसं येवोत. खालच्या खडकावर उतरण्याची परवानगी मात्र ओहोटीगणिक मोजावी, सोबत जाणकार माणूस देऊन, आणि ज्यांना खरंच पाहायचं आहे त्यांच्यासाठी उन्हाळ्यात फाटक पहाटे पाचला उघडावं. भरती-ओहोटीची कोष्टकं वर्षभर आधी छापून तयार असतात. फाटकावर मात्र बाराही महिने एकच ओळ असते: सकाळी आठ ते सूर्यास्त.